खांबावरची बाई

तिला सगळं शहर 'खांबावरची' म्हणायचं. अगदी तोंडावर म्हणायचं, आणि तिलाही त्यात वावगं वाटत नसे. किराणा घ्यायला गेली की दुकानदार आत वळून बायकोला हाक मारायचा, "अगं, खांबावरच्या आल्यात, त्यांचा साबण काढून ठेवलास का?" शहरात नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, बाई पूर्वी सर्कशीत होती की काय. मग महिन्याचा पहिला सोमवार उजाडायचा आणि त्याला आपोआप उलगडा व्हायचा.

शहराच्या टोकाला, समुद्राकडे पाठ करून अणुवीज केंद्र उभं होतं. दोन राखाडी घुमट, एक उंच धुराडं, ज्यातून धूर निघालेला कुणी पाहिला नव्हता, आणि सतत चालणारी एक बारीक घरघर. ती घरघर इतकी अंगवळणी पडली होती की ती ऐकू येते हे लोक विसरूनच गेले होते. वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी केंद्र बंद व्हायचं, तेव्हा मात्र तान्ही मुलं दचकून उठायची आणि म्हातारी माणसं कानात बोटं घालून हलवून बघायची.

केंद्रापासून शहरभर चौकाचौकात लोखंडी खांब रोवलेले होते आणि प्रत्येक खांबावर चारी दिशांना तोंडं केलेले कर्णे होते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी त्यातून आधी भोंगा वाजायचा, मग एक बाई बोलायची. "नागरिकांनो, लक्ष द्या. ही चाचणी आहे. खरा इशारा मिळाल्यास आपापल्या घरात जा. दारं-खिडक्या लावून घ्या. घाबरू नका." आवाज तरुण होता, स्वच्छ, जरासा हसरा. कुणीतरी आपल्या घरची मोठी बहीण मागच्या खोलीतून सांगतेय असं वाटायचं.

तो आवाज तिचा होता.

लग्न होऊन ती या शहरात आली तेव्हा केंद्राच्या टेलिफोनच्या खोलीत तिला काम मिळालं. नवरा शहराच्या बसवर ड्रायव्हर, धाकटा दीर केंद्राच्या नियंत्रण कक्षात. आलेला फोन योग्य माणसाला जोडून द्यायचा, एवढंच तिचं काम. पण सुरक्षा विभागाच्या साहेबांच्या कानात तिचा आवाज बसला. त्यांनी आधी एका भारदस्त निवेदकाकडून इशारा म्हणवून घेतला होता, आणि तो ऐकून त्यांचीच पाचावर धारण बसली होती. ते तिला म्हणाले, "तुम्ही 'साहेब जागेवर नाहीत' असं सांगता, तेव्हासुद्धा माणसाला बरं वाटतं. तुम्हीच वाचा."

मागच्या एका कोठीच्या भिंतींना रजया टांगून त्यांनी तात्पुरता स्टुडिओ केला. तिच्या हातात टाइप केलेले कागद दिले. "अर्थ मनात आणायचा नाही," साहेबांनी बजावलं. "फक्त वाचायचं." तिने वाचलं. दुपारभर काम चाललं आणि ती घरी आली. नवऱ्याने विचारलं, "कसं झालं?" ती म्हणाली, "घसा दुखतोय," आणि लेकीला जेवायला वाढायला लागली.

पहिली चाचणी झाली त्या दिवशी ती कामावर होती. घरी शेजारणीजवळ ठेवलेली लेक आवाज ऐकून धावत बाहेर गेली, खांबाला मिठी मारून उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "आई, खाली ये." आवाज थांबला तरी हलेना. शेजारण सांगायची, पोरीला घरात न्यायला तिला नाकीनऊ आले. पुढचे कित्येक महिने ती मुलगी आई स्वयंपाकघरात असतानाही खिडकीत जाऊन खांबाकडे बघत बसायची. आईने मागून हाक मारली की आधी खांबाकडे बघायची, आणि मग मागे वळायची. सगळे हसायचे. तीही हसायची, पण हाक मारताना तिला थोडं जड जायचं.

वर्षं गेली. नवरा गेला. लेक मोठी झाली, शिकली. दीर शेजारच्याच घरात राहायचे. त्यांनी लग्न केलं नव्हतं, जेवायला इकडेच असायचे. मग एका हिवाळ्यात तिचा घसा बसला तो सुटेचना. तपासण्या झाल्या, गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, कोरड्या पानांवरून कुणी चालत जावं तशी.

"केंद्रामुळे झालं का हो?" लेकीने डॉक्टरांना विचारलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "असं सांगता येणार नाही."

"म्हणजे नाही झालं?"

"असंही सांगता येणार नाही."

इस्पितळातून घरी आल्यावर पहिला सोमवार आला. ती खिडकीशी उभी होती. भोंगा झाला, आवाज सुरू झाला, आणि तिच्या लक्षात आलं की आपले ओठ त्या शब्दांबरोबर हलताहेत. तोंडातून काही निघत नव्हतं. बाहेर सगळीकडे ती बोलत होती आणि आत ती गप्प होती. आवाज गेला असं सगळे म्हणत होते, पण तो गेला नव्हता. तो वर खांबांवर राहायला गेला होता.

तेव्हापासून दर चाचणीला ती दारं-खिडक्या लावून घेऊ लागली. शहरात दुसरं कुणी लावत नसे. दिरांनी एकदा विचारलं, "वहिनी, चाचणी असते ती. कशाला उठता?" ती कुजबुजली, "ती सांगते ना." आणि एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. ती स्वतः म्हातारी होत चालली होती, पण वरची बाई होती तिथेच होती. आता ती लेकीपेक्षाही लहान होती. एखादी पोरगी दर महिन्याला आपल्याला घरात जायला सांगते आणि तिला स्वतःला मात्र आत यायला घर नाही, असं काहीतरी मनात यायचं. मग ती उठून भांडी घासायला घ्यायची.

याच सुमाराला शहरात वाद पेटला. केंद्राची मुदत संपत आली होती. जुन्या भट्ट्या दुरुस्त करून आणखी चालवायच्या आणि शेजारी नवी उभारायची, असं एका बाजूचं म्हणणं. केंद्र बंद करून डोंगरावर पवनचक्क्या आणि पलीकडच्या माळावर सौर पॅनेल लावायची, असं दुसऱ्या बाजूचं. घराघरांत तट पडले. न्हाव्याकडे दाढी करायला बसलेले लोक अर्धी दाढी तशीच ठेवून भांडायला लागायचे.

तिच्या घरात तर रणांगण जेवणाच्या टेबलावरच होतं. लेक पवनचक्कीच्या कंपनीत लागली होती. कमरेला पट्टे बांधून उंच मनोऱ्यावर चढायची आणि यंत्राची देखभाल करायची. आणि समोर तिचे काका, म्हणजे दीर, ज्यांनी अख्खी नोकरी अणुभट्टीचे काटे बघण्यात घालवली.

"आमचा बाप कोळशाच्या गावात राहिला आणि काळं थुंकत गेला," काका म्हणायचे. "या केंद्राने या शहरात एक माणूस मारला असेल तर मला दाखव."

"दाखवता येत नाही, हीच तर मेख आहे," लेक म्हणायची. "आणि एवढं सुरक्षित आहे तर दारात खांब कशाला?"

"जिन्याला कठडा असतो म्हणून जिना वाईट ठरत नाही."

"जिना उतरून झाल्यावर कठडा हजारो वर्षं धरून बसावा लागत नाही, काका. वापरलेलं इंधन केंद्राच्या हौदात पडलंय. त्याला पाणी कोण घालणार? तुम्ही? मी? माझी नातवंडं?"

"आणि तुझा वारा पडला की? थंडीत आठ-आठ दिवस पान हलत नाही. तेव्हा काय, फुंकर मारणार?"

"साठवू. बॅटऱ्या आहेत, ऊन आहे."

"ढग आहेत!"

मध्येच ती काहीतरी कुजबुजायची. ते ऐकायला दोघांना आपलं तोंड बंद करून पुढे वाकावं लागायचं, आणि बहुतेक वेळा ती एवढंच म्हणालेली असायची, "मीठ कमी आहे का?" त्यामुळे भांडण हातघाईवर येत नसे. एकदाच आलं. लेकीच्या टोळीतला एक जण मनोऱ्यावरून पडून गेला होता, आणि काका रागाच्या भरात बोलून गेले, "आमच्याकडे माणसं वरून पडत नाहीत." लेक ताटावरून उठली. काकांनी मान खाली घातली, पण शब्द परत घेता येईना. दोघांचं बोलणं बंद झालं. जेवायला दोघं तिथेच बसायची आणि एकमेकांना पाणी सरकवायची.

डोंगरावर कंपनीने चाचणीसाठी एकच पवनचक्की उभारली होती. हिवाळ्यात सूर्य खाली आला की दुपारी तिच्या पात्यांची सावली शहरावर पडायची. ती सावली बरोबर या घराच्या स्वयंपाकघरातून जायची. उजेड, सावली, उजेड, सावली. ती भाजी चिरत असली की हात दिसायचे, नाहीसे व्हायचे, पुन्हा दिसायचे. तिला सुरी बाजूला ठेवून थांबावं लागायचं. समोरच्या भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो डोळे मिटून उघडतोय असं वाटायचं. हे तिने लेकीला कधी सांगितलं नाही. पोरगी जिवावर उदार होऊन तिथे चढते, तिला काय सांगायचं? आणि चाचणीच्या सोमवारबद्दल तरी तिने दिरांना काय सांगितलं होतं?

मग दोन्हीकडचे लोक तिच्या दारात आले. आधी केंद्राचा जनसंपर्क अधिकारी आला, गुळगुळीत बोलणारा. शाळेच्या सभागृहात जाहीर चर्चा ठेवली होती. तिथे त्याला तिचा आवाज वाजवून दाखवायचा होता. "या आवाजाने शहराला इतकी वर्षं सांभाळलं, असं मी म्हणेन. तुम्ही फक्त उभं राहायचं." तो गेला आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या विज्ञानाच्या बाई आल्या. केंद्र बंद करा म्हणणाऱ्यांच्या त्या पुढारी. "तुम्ही फक्त दोन शब्द बोला," त्या म्हणाल्या. "काय बोलता ते महत्त्वाचं नाही. लोकांना ऐकू द्या, कसं बोलता ते."

दोघांनाही तिने एकच उत्तर दिलं. "माझा गळा कुणाच्या बाजूने नाही."

चर्चा रविवारी दुपारी होती. सकाळपासून समुद्रावरून धुकं येत होतं आणि दुपारपर्यंत ते इतकं दाटलं की चौकातले खांब अर्ध्यातच संपल्यासारखे दिसत होते. वारा अजिबात नव्हता. केंद्र वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होतं, त्यामुळे घरघरही नव्हती. ती लेकीबरोबर चालत निघाली तेव्हा रस्त्यात आपल्याच पावलांचा आवाज जास्त मोठा वाटत होता. "कसं कानात दडे बसल्यासारखं झालंय," लेक म्हणाली.

सभागृह खचाखच भरलं होतं. डावीकडे केंद्रवाले, उजवीकडे वारा-ऊनवाले, मध्ये वाट. काका डावीकडे पुढे बसले होते. ती मधल्या वाटेच्या कडेला बसली. अधिकाऱ्याने आकडे सांगितले, विज्ञानाच्या बाईंनी दुसरे आकडे सांगितले. कुणी तरी ओरडलं, "दोघांपैकी एकाचं तरी गणित कच्चं आहे!" हशा झाला.

आणि दिवे गेले.

"पडला वाटतं वारा!" डावीकडून आवाज आला.

"तुमचं केंद्र झोपलंय, त्याचं बघा!" उजवीकडून.

पुन्हा हशा. तो विरला आणि बाहेर भोंगा वाजायला लागला. रविवारी. मग खांबांवरून ती बोलली.

"नागरिकांनो, लक्ष द्या. आपापल्या घरात जा. दारं-खिडक्या लावून घ्या. बाहेरचं पाणी वापरू नका. घाबरू नका."

सगळं सभागृह एकाच वाक्याची वाट बघत होतं, 'ही चाचणी आहे' या वाक्याची. ते आलं नाही. आवाज पुन्हा पहिल्यापासून तेच सांगू लागला. धुक्यामुळे तो एका खांबावरून येत नव्हता, सगळ्या बाजूंनी येत होता. तिच्या समोर बसलेला एक म्हातारा हळूच मागे वळला. त्याने तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा ओठांकडे, आणि आपली खुर्ची तिच्यापासून दूर सरकवली.

काकांना नियंत्रण कक्षाचा फोन लागला. ते उभे राहून ओरडले, "आत सगळं ठीक आहे! त्यांनी काही दाबलेलं नाही!"

"ते असंच म्हणणार!" कुणी तरी किंचाळलं, आणि माणसं दाराकडे उसळली. खुर्च्या पडल्या. एक पोर रडायला लागलं.

ती उठून वाटेत उभी राहिली, दोन्ही हात पसरून. काहीतरी बोलली. जवळच्या चार माणसांनाच कळलं. लेकीने ते मोठ्याने म्हटलं, मागच्या बाईने आणखी मागे सांगितलं, आणि तिची कुजबुज माणसामाणसांतून अंधारात पसरत गेली. "बाहेर जाऊ नका. खोटं असेल तर तासाभराने जाऊ. खरं असेल तर इथेच बरं आहे. दार लावा." वरची बाई बाहेरून तेच सांगत होती, आणि आतली आतून. दार लागलं.

खिडक्यांच्या फटीत लोकांनी कोट, ओढण्या, सभेचा फलक, जे मिळेल ते कोंबलं. केंद्रवाला वर चढला आणि वारावाल्याने खुर्ची धरली. मग करायला काही उरलं नाही. काचेपलीकडे धुकं टेकून उभं होतं. त्यात काही आहे का, हे बघून कळणार नव्हतं, वासाने कळणार नव्हतं. मैदानात एक कुत्रं फिरत होतं. हळूहळू सगळे खिडकीशी गोळा झाले आणि त्या कुत्र्याकडे बघू लागले. ते चाललं, थांबलं, खाली बसलं. मग आडवं झालं. एका बाईने तोंडावर हात दाबला. कुत्र्याने मागचा पाय उचलून मान खाजवली, आणि एक जाडजूड गृहस्थ एकदम हुंदका देऊन रडले.

तेवढ्यात बाहेरचा आवाज बदलला. "नागरिकांनो, शहर सोडा. पूर्वेच्या रस्त्याने चालू लागा. सामान घेऊ नका. शेजाऱ्याला हाक मारा."

"आता काय करायचं?" अधिकाऱ्याने विचारलं. कुणाला विचारतोय ते त्यालाही कळत नव्हतं.

"ही टेप आपोआप चाललीय," काका म्हणाले. "घरात राहा आणि शहर सोडा, असे दोन हुकूम एकापाठोपाठ कुणी देत नाही." बऱ्याच जणांना ते पटलं. पटलं तरी दाराला हात लावायला कुणी गेलं नाही.

तिला मात्र आता खोलीतल्या कुणाचंच ऐकू येत नव्हतं. पुढे काय येणार हे तिला आठवायला लागलं होतं, आणि तिसरा कागद सुरू झाला.

"जे मागे राहिले आहेत, त्यांनी खिडकीत पांढरं कापड बांधावं. घरात साठवलेलंच पाणी प्यावं. कोणीतरी तुमच्यापर्यंत येईल."

मग शहरभरच्या सगळ्या खांबांमधून कागद चुरगळल्याचा आवाज आला. आणि तीच तरुण बाई, वाचण्याच्या नव्हे, बोलण्याच्या सुरात म्हणाली, "कोण येणार, साहेब?"

पुरुषाचा आवाज, लांबून. "ते नंतर ठरेल. पुढचं वाचा."

"पण येईल ना? लेक आहे माझी घरी. खिडकीतच बसलेली असते ती." जरा थांबून, "हे चालू आहे का अजून? बंद करा ना."

त्यानंतर नुसती खरखर. बराच वेळ खरखर, आणि मग तीही थांबली.

विज्ञानाच्या बाई व्यासपीठावर होत्या, त्या हळूच खाली उतरून बसल्या. अधिकारी आपल्या बुटांकडे बघत होता. लेकीने अंधारात आईचा हात चाचपला आणि इतका घट्ट धरला की तिची बांगडी रुतली.

थोड्या वेळाने धुक्यातून पांढऱ्या आकृत्या आल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख, हातात पेटीसारखी यंत्रं. त्या मैदानातून सावकाश चालत होत्या आणि यंत्रं जमिनीशी धरत होत्या. एकीने कुत्र्यालाही यंत्र लावून बघितलं. मग काचेवर टकटक झाली, टोपी निघाली, आणि आतून काकांच्या खात्यातलाच एक ओळखीचा, घामाघूम चेहरा बाहेर आला. "सगळं नेहमीसारखं आहे. या बाहेर." दार उघडलं, तरी पहिलं पाऊल टाकताना प्रत्येकाने श्वास रोखलेला तिने पाहिला.

घरी परतताना धुकं विरळ झालं होतं, आणि रस्त्यात लोक एकेक करून थांबत होते. खिडक्यांना पांढरी कापडं बांधलेली होती. उशीचे अभ्रे, रुमाल, एक परकर, एका ठिकाणी नुसतं बनियन. जी माणसं सभेला जाऊ शकली नव्हती, म्हातारी, आजारी, एकटी, त्यांनी सांगितलं तसं केलं होतं, आणि ती खिडकीमागे बसून वाट बघत होती.

ती पहिल्या कापडाशी थांबली आणि दार वाजवलं. "आई, घरी चल, थकलीस," लेक म्हणाली. ती गेली नाही. संध्याकाळ होईपर्यंत ती दारोदार फिरली. दार उघडलं की आत जायची, कापड सोडायची, घडी करून हातात द्यायची आणि कुजबुजायची, "काही नाही झालं. मी आलेय." एका आजीने तिला उंबऱ्यातच अडवलं. "तू तर बाहेर बोलत होतीस मघाशी," आजी म्हणाली. "मग इथे कोण आलंय?" तिला खाली बसून आजीचा हात आपल्या गालावर ठेवावा लागला, तेव्हा कुठे आजीने तिला आत घेतलं. लेक आधी मागे मागे होती. मग रस्त्याची दुसरी बाजू तिने घेतली. तिसऱ्या गल्लीत त्यांना काका भेटले. त्यांच्याही हातात कुणाचा तरी अभ्रा होता. "त्या दिवशी बोललो ते..." ते पुतणीला म्हणाले. "असू दे, काका," ती म्हणाली, "ते निळं दार राहिलंय बघा."

चौकशी झाली. लांबच्या एका विजेच्या तारेत बिघाड झाला होता. दिवे गेल्यावर खांब बॅटरीवर गेले, ओलाव्याने जुन्या नियंत्रण फलकात कुठेतरी दोन तारा जुळल्या आणि टेप शेवटापर्यंत चालली. तोवर ती शेवटापर्यंत कुणी चालू दिलीच नव्हती. केंद्रवाले म्हणाले, बघा, केंद्राचा काही दोष नव्हता. वारावाले म्हणाले, बघा, केंद्र नसतं तर खांबच नसते. ज्यांना चौकशीवर विश्वास ठेवायचा नव्हता त्यांनी ठेवला नाही. ते अजूनही त्या दुपारचं धुकं वेगळंच होतं म्हणून सांगतात.

शेवटी निकाल लागला तो कुणालाच न आवडणारा. एक भट्टी बंद, एक आणखी काही वर्षं चालू, डोंगरावर पवनचक्क्यांची रांग, आणि हौदातलं इंधन आहे तिथेच. खांबांवर नवी यंत्रणा आली. आता कॉम्प्युटरने बनवलेला आवाज बोलतो, जो कुणाच्याच गळ्यातून आलेला नाही. जुनी टेप हवी का, असं अधिकाऱ्याने विचारलं होतं. ती नको म्हणाली. पण नव्या आवाजाच्या पहिल्या चाचणीला ती खिडकी लावायला उठली नाही, हे दिरांच्या लक्षात आलं. लहान मुलं आता तिला नुसतंच आजी म्हणतात.

परवाच्या थंडीतली गोष्ट. तिघं स्वयंपाकघरात बसली होती. बाहेर पान हलत नव्हतं, डोंगरावरची सगळी पाती थांबली होती. ढग होते. चालू असलेली भट्टीही दुरुस्तीसाठी बंद होती. आणि टेबलावरचा दिवा छान जळत होता. काका बराच वेळ त्या दिव्याकडे बघत होते.

"ही वीज कुठून येतेय मग?" ते म्हणाले.

"लांबून," लेक म्हणाली. "जाळ्यातून. कुठल्या तरी धरणावरून, नाहीतर दुसऱ्या कुठल्या केंद्रातून."

"दुसऱ्या म्हणजे कुठल्या?"

काका उठून दिव्याजवळ गेले, केंद्राची घरघर ऐकावी तसा काचेशी कान नेला आणि तसेच उभे राहिले.

"काही ऐकू येतं?" तिने कुजबुजत विचारलं.

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. ती बटाट्यांची टोपली पुढ्यात ओढून सोलायला बसली. सुरीचा आवाज होऊ नये म्हणून सावकाश सोलत होती.